कोल्हापुरात सीपीआर दवाखान्यासमोर रस्ता ओलांडायचा कसा? चालणाऱ्यांसाठी आणि सायकलवाल्यांसाठी एका चौकापासून सुरुवात करूया

पेठेतला_पायी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

घरातल्या एका दुखण्यामुळं सध्या सीपीआरला सारखं जाणं-येणं आहे. त्या निमित्तानं भाऊसिंगजी रोड पायी ओलांडावा लागतो आणि जे दिसतंय ते इथं मांडावंसं वाटलं.

दवाखान्याच्या दारातून बाहेर पडणाऱ्या माणसांकडं एकदा उभं राहून बघा. एका हातात एक्स-रेचं पाकीट, काखेत चादरीचं बोचकं, दुसऱ्या हातानं पेशंटचा दंड धरलेला. पेशंटच्या मनगटावर सुईची चिकटपट्टी अजून तशीच. ही माणसं राधानगरीहून, गगनबावड्याहून, शाहूवाडीहून आलेली असतात. औषध आणायचं, चहा आणायचा, परतीची गाडी धरायची, सगळ्यासाठी रस्ता ओलांडावाच लागतो. ती एक पाऊल पुढं टाकतात, हॉर्न ऐकून मागं येतात, पुन्हा पुढं जातात आणि मधोमध अडकतात. दोन्ही बाजूंनी गाड्या सुरूच. एकही गाडीवाला ब्रेकवर पाय ठेवत नाही.

त्यात १८ ऑगस्ट २०२५ पासून समोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सहा जिल्ह्यांचे पक्षकार आणि वकील इथं येतात. कित्येक दशकांची मागणी पूर्ण झाली, त्याचा आनंद आहेच. पण येणारा माणूस एसटीनं येवो नाहीतर मोटारीनं, शेवटची शंभर पावलं तो चालतच येतो आणि त्या शंभर पावलांचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

असा विषय निघाला की आपण लगेच ‘सायकल सिटी’ आणि उड्डाणपुलाच्या गप्पा मारतो. माझं म्हणणं एवढंच: एक जागा धरूया. टाऊन हॉल ते सीपीआर एवढाच तुकडा. तिथं रस्त्यापेक्षा किंचित उंच केलेली ओलांडणी, मध्ये थांबायला सुरक्षित जागा आणि दोन्ही टोकांना व्हीलचेअर, स्ट्रेचर जाईल असा उतार. हे पदरात पडेपर्यंत दुसरं काही मागायचं नाही.

कुणाकुणाला यायचंय? आणि कुठं चुकतंय असं वाटलं तर मोकळेपणानं सांगा.

---

बावडेकर

भावा, धागा लय गरजेचा हाय. पण सायकलवाल्यांचं नाव वर घेतलंयस तर आमच्याकडचं ऐक.

सायकल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर रविवारी पहाटे हेल्मेट घालून पन्हाळ्याला जाणारी मंडळी येतात. त्यांचं कौतुकच आहे. पण कोल्हापुरात रोज सायकल चालवणारा माणूस वेगळा. पेपर टाकणारं पोरगं, दुधाच्या किटल्या अडकवलेला गवळी, रात्रपाळीचा वॉचमन, एमआयडीसीत हेल्पर म्हणून जाणारा. ह्यांचा कुठला ग्रुप नाही, निवेदन द्यायला कुणी जात नाही.

आणि नोव्हेंबरात सीझन सुरू झाला की लाइन बाजार ते बावडा रस्त्यावर ऊस येतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, मागं दिवा नाही, रेडियम चिखलानं माखलेलं, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर. अंधारात सायकलवाल्याला ट्रॉली दिसत नाही आणि मागून येणाऱ्या ट्रकला सायकलवाला दिसत नाही. ट्रॉली गेल्यावर रस्त्यात उसाची कांडी पडलेली असतात. पुढच्या चाकाखाली एक आलं की माणूस आडवा.

ह्याला फार पैसा लागत नाही. ऊस वाहतूकदारांचे करार सीझनच्या आधीच होतात. करारातच लिहून घ्या, रिफ्लेक्टर आणि मागचा दिवा असल्याशिवाय कारखान्याच्या वजनकाट्यावर गाडी घेतली जाणार नाही. ट्रॉली काट्यावर येतेच, तिला दुसरी वाट नाही. रस्त्यावर पोलीस किती पुरे पडणार? काट्यावर एक माणूस पुरतो.

---

राजारामपुरी_व्यापारी

विषय चांगला आहे, माझा विरोध नाही. पण दुकानदाराची बाजूही ऐकून घ्या.

फुटपाथ रुंद करा म्हणता तेव्हा आमच्या दारातलं पार्किंग जातं. आमचं गिऱ्हाईक टू-व्हीलरवर येतं. गाडी लावायला जागा दिसली नाही की ते पुढं जातं, थांबत नाही. भाडं, लाइट बिल, कामगारांचे पगार, सगळं त्या गिऱ्हाइकावर चालतं. ऑनलाइननं आधीच कंबरडं मोडलंय. सम-विषम तारखेचं पार्किंग आम्ही निमूट पाळतो. आणखी किती?

---

गंगावेस

@राजारामपुरी_व्यापारी, तुमची काळजी खरी आहे, पण एक विचारतो. महाद्वार रोडला नवरात्रात, दिवाळीत गाडी आत कोण नेतं? बिंदू चौकात नाहीतर आणखी कुठं गाडी लावून लोक चालतच येतात आणि वर्षातला सगळ्यात मोठा धंदा त्याच दिवसांत होतो. चालणारं माणूस दहा दुकानं बघत जातं. गाडीवरून जाणाऱ्याला फक्त पुढच्या गाडीचा नंबर दिसतो.

पुण्यात महापालिकेनं २०२१ पासून ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन सुरू केला. त्या दिवशी रस्त्याचा एक भाग वाहनांना बंद असतो. लक्ष्मी रस्ता म्हणजे काय गर्दीची बाजारपेठ आहे हे तुम्हाला सांगायला नको. एक दिवस करून बघायचा, आवडलं तर पुढचं बोलायचं, ही पद्धत मला पटते. राजारामपुरीत रविवार संध्याकाळचे तीन तास एक तुकडा असा करून बघायला व्यापारी संघटनेनंच पुढाकार घेतला तर? तुमच्याकडून मागणी आली तर ती कुणी नाकारणार नाही.

---

राजारामपुरी_व्यापारी

तीन तास आणि एक तुकडा असेल तर मी संघटनेच्या बैठकीत विषय काढतो. शब्द देतो असं नाही, पण काढतो. गाड्या लावायची जागा आधी ठरवा मात्र. गल्ल्यांत लावल्या तर गल्लीवाले भांडायला येतील.

---

जुना_ओव्हरसियर

रस्त्यांच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

निवेदनात ‘फुटपाथ सुधारावेत’ असं लिहिलंत तर ते फाइलला लागेल आणि तिथंच राहील. मापं लिहा. मापाला उत्तर द्यावं लागतं. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचारी सुविधांची स्वतंत्र मार्गदर्शिका आहे, आयआरसी १०३. तिच्यात चालायला मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर सांगितली आहे. मोकळी म्हणजे विजेचा डीपी, खांब, झाड, टपरी सोडून. आणि फुटपाथची कड रस्त्यापासून १५० मिलिमीटरपेक्षा उंच नको. आता गावात फिरून बघा. कितीतरी ठिकाणी कड एक वीत आणि वर चार बोटं आहे. गुडघे दुखणारी बाई तिथं चढणार कशी? ती खालून, गाड्यांतूनच जाते. मग आपणच म्हणतो, फुटपाथ असून लोक वापरत नाहीत.

उलट प्रकारही आहे. जुना थर खरवडून न काढता डांबरावर डांबर चढवलं की रस्ता फुटपाथच्या बरोबरीला येतो. मग दुचाकी सरळ वर. पावसाचं पाणीही वर. चेंबरची झाकणं मात्र खड्ड्यात जातात आणि सायकलवाला नेमका त्याच कडेनं चाललेला असतो.

गतिरोधकाचं सांगतो, कारण हौसेनं केलेले गतिरोधक हा वेगळाच आजार आहे. मंडळानं रात्रीत सिमेंटचा उंचवटा घालायचा, वीतभर रुंद आणि टोकदार. चारचाकीला काही होत नाही. सायकल आणि म्हातारं माणूस घेऊन जाणारी रिक्षा आपटते. आयआरसीच्या जुन्या मार्गदर्शिकेतला साधारण ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि फक्त १० सेंटिमीटर उंच आहे. पसरट, गोल. त्यावरून सायकल अलगद जाते आणि जोरात येणाऱ्या मोटारीला वेग कमी करावाच लागतो. तुम्ही म्हणता ती उंच ओलांडणी ह्याचाच भाऊ: वर सपाट, दोन्ही बाजूंना उतार आणि सपाट भागावर पट्टे. पेशंट फुटपाथच्या पातळीवरून तसाच पलीकडं जातो, गाडीला चढावं-उतरावं लागतं. मात्र दवाखान्यासमोर ॲम्ब्युलन्सचा विचार हवा. उतार लांबट ठेवायला सांगा, म्हणजे आतल्या पेशंटला धक्का बसत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वेळ. महापालिकेचं बजेट मार्चच्या आत ठरतं, त्याच्या आधी खात्यांचे प्रस्ताव तयार होतात. दिवाळीनंतर लगेच मागणी गेली पाहिजे. आणि रस्त्याचं डांबरीकरण निघणार असेल तर निविदेच्या आधी. एकदा काळा थर पडला की पुढची काही वर्षं त्याला कुणी हात लावू देत नाही.

---

दोन_पोरांची_आई

ओव्हरसियर काका, तुमचा प्रतिसाद छापून ठेवणार आहे.

मला शाळांबद्दल बोलायचंय. आमची मुलं पाचवी आणि आठवीत. शाळा सायकलनं दहा मिनिटांवर, तरी मी स्कूटीवरून सोडते, कारण मधला चौक. माझ्यासारख्या पन्नास आया स्कूटी घेऊन गेटवर पोचतात, शिवाय रिक्षावाले काका, शिवाय मोटारी. शाळा सुटताना गेटसमोर जी कोंडी होते ती आम्हीच केलेली असते आणि त्या कोंडीतून जी दोन-चार पोरं सायकलनं जातात त्यांना सगळ्यात जास्त धोका. मग त्यांचेही आईवडील सायकल बंद करतात. ही साखळी तोडायची तर शाळेजवळ वेग कमी हवा.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग १ टक्क्यानं वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता साधारण ४ टक्क्यांनी वाढते. शाळा, दवाखाने, वस्तीतले रस्ते यांच्यासाठी ताशी ३० किलोमीटरची मर्यादा सुचवलेली आहे ती याचसाठी. शहरात ४५ नं गेलं काय आणि ३० नं गेलं काय, पुढच्या सिग्नलला थांबायचंच असतं.

आमच्या गल्लीत आम्ही एक सुरू करायचं ठरवतोय. तालमीसमोर सगळ्या मुलांनी सकाळी जमायचं, दोन पालक पाळीपाळीनं सोबत चालणार, वाटेतली मुलं मिळत जाणार. लहान मुलं चालत, मोठी सायकल हातात धरून चौकापर्यंत आणि मग पुढं सायकलवर. घोळक्यानं चाललेल्या मुलांना गाडीवाले थांबतात, एकट्या मुलाला थांबत नाहीत. तालमीतली मोठी पोरं मदत करतो म्हणालीत.

आणि कृपा करून संध्याकाळच्या दिव्यांचा मुद्दा निवेदनात घ्या. खांबावरचा उजेड रस्त्यावर पडतो, फुटपाथवर झाडाची सावली. क्लास सुटल्यावर मुली उजेडातून म्हणजे रस्त्यातून चालतात. त्यांना दोष देऊन काय उपयोग?

---

रंकाळा_फेरी

+१. रंकाळ्यावर रोज सकाळी शेकडो लोक चालतात. तिथवर पोचायला मात्र निम्मे लोक गाडी काढतात, कारण घरापासून रंकाळ्यापर्यंत चालायला रस्ता नाही. चालायला जायचं म्हणून गाडी काढायची, याचं मला फार वाईट वाटतं.

राजारामपुरीकरांनी परीख पुलाखालून पावसाळ्यात पायी जाऊन बघावं. अरुंद वाट, साचलेलं पाणी आणि गाड्या. चालणाऱ्यानं जायचं कुठून?

---

स्पष्ट_बोलणारा

सगळं वाचलं. प्रामाणिकपणे सांगतो, काही होणार नाही. २०२० च्या शेवटी महापालिकेची मुदत संपली, त्यानंतर वर्षानुवर्षं प्रशासकच होता. नगरसेवकच नव्हते, गल्लीतला प्रश्न कुणाला सांगायचा होता? लोकांनाही शिस्त नाही. पट्टे मारले तरी थांबणारा कोण आहे?

---

पेठेतला_पायी (धागाकर्ता)

@स्पष्ट_बोलणारा, तुमचा राग समजतो. पण ह्याच गावानं टोल घालवलाय. प्रा. एन. डी. पाटील यांच्यासारखा वयोवृद्ध माणूस रस्त्यावर उतरला, सर्वपक्षीय कृती समितीनं वर्षानुवर्षं नेटानं लावून धरलं आणि डिसेंबर २०१५ मध्ये टोल रद्द झाला. त्यापुढं एक ओलांडणी म्हणजे काहीच नाही.

शिस्तीबद्दल: शिस्त रस्त्याच्या रचनेतून लागते असं मला वाटतं. सपाट, रुंद, मोकळा रस्ता दिला की कुठल्याही गावचा माणूस वेगानंच जातो.

आणि कायदा आपल्या बाजूनं आहे. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत स्पष्ट आहे की झेब्रा पट्ट्यांवर पादचाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं दोन गोष्टी आल्या. कलम १३८ (१-अ) नुसार पादचारी आणि बिनइंजिनाच्या वाहनांसाठी राज्य सरकारला नियम करता येतात. कलम १९८-अ नुसार ठरलेल्या मानकांप्रमाणे रस्ता न बांधल्यामुळं, न राखल्यामुळं कुणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की वापरण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. गाडी नव्हती त्यांच्याकडं. हा आकडा वाचल्यापासून मला ‘लोकांना शिस्त नाही’ हे वाक्य ऐकवत नाही.

---

कपिलतीर्थ

फुटपाथ मोकळे करा म्हणताना एक काळजी घ्या. पहिली गाडी उचलली जाते ती फळवाल्या मावशीची. दुकानदाराचा वाढवलेला कट्टा आणि लावलेली बुलेट जागेवरच राहते.

२०१४ चा पथविक्रेता कायदा आहे, त्यात शहर विक्रेता समितीची तरतूद आहे. विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, जागा ठरवायच्या, मग हलवायचं असा क्रम आहे. मावशींचं गिऱ्हाईक चालणारंच असतं, त्यामुळं चांगला फुटपाथ त्यांनाही हवाच आहे. रात्री नऊला त्यांच्या बल्बमुळं तो कोपरा चालायला सुरक्षित वाटतो, हे वर लिहिणाऱ्या ताईंना विचारा. १.८ मीटर मोकळे सोडून उरलेल्या जागेत त्यांना बसवता येतं. निवेदनात हे वाक्य नसेल तर माझी सही नाही.

---

दोन_पोरांची_आई

कपिलतीर्थ यांच्याशी शंभर टक्के सहमत. उजेडाचं तर अगदी खरं.

---

बावडेकर

माझीबी सही हाय. पण ट्रॉल्यांचं निवेदन वेगळं काढा. एका कागदावर दहा मागण्या असल्या की साहेब सोपी तेवढी करतात.

---

जुना_ओव्हरसियर

बावडेकरांचं बरोबर आहे. एक कागद, एक मागणी.

माहिती अधिकाराचा अर्जही सोबत टाका, भांडायला नव्हे, तर कागद हातात असावेत म्हणून. १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, ३० दिवसांत उत्तर. ‘काय कार्यवाही केली’ असं मोघम विचारू नका. त्या तुकड्याचं अंदाजपत्रक, मंजूर नकाशा, वर्क ऑर्डर आणि एमबीची (मोजमाप पुस्तिकेची) प्रत मागा. नकाशात फुटपाथ किती रुंद दाखवलाय आणि जागेवर किती आहे, एवढी तुलना केली की पुढचं काम सोपं होतं.

आणि दुसरी प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला. जिल्हाधिकारी तिचे अध्यक्ष असतात. तिथं बहुतेक चर्चा अपघातप्रवण स्थळांची होते. ‘ब्लॅक स्पॉट’ ठरायला ५०० मीटरच्या पट्ट्यात ३ वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात किंवा १० मृत्यू लागतात. सीपीआरसमोर तेवढे मृत्यू व्हायची वाट बघायची का, हे त्या बैठकीत कुणीतरी विचारायला हवं. गर्दीत गाड्या हळू असतात म्हणून तिथं माणसं मरत नाहीत, धडपडतात, पाय मुरगळून घेतात, आणि ते कुठल्या यादीत येत नाही.

---

पेठेतला_पायी (धागाकर्ता)

ठरलं मग. येत्या रविवारी सकाळी ७ वाजता टाऊन हॉलच्या बागेच्या गेटसमोर. सीपीआरपर्यंत दोन्ही बाजूंनी चालायचं आणि मोजायचं: मोकळी रुंदी, कडेची उंची, अडथळे, दिवे, उतार. ओव्हरसियर काका मोजायचं कसं ते दाखवतील. कपिलतीर्थ यांनी विक्रेत्यांशी बोलावं, त्यांचं म्हणणं लिहून घ्यावं. निवेदनाचा मसुदा मी इथंच टाकतो, सगळ्यांनी दुरुस्त करा. बावडेकर, ट्रॉल्यांच्या कागदाला मी लागेल ती मदत करतो.

सोमवारी कोर्टाच्या वेळेत पुन्हा एकदा जावं लागेल, रविवारची गर्दी खरी नसते. वकील मंडळींपैकी कुणी इथं असेल तर सांगा.

---

रंकाळा_फेरी

मी येतोय. वडिलांची व्हीलचेअर आणतो, रिकामी. ती कुठं अडते ते फोटोत घेऊ, साहेबांना मापापेक्षा लवकर कळेल.

पाऊस असला तर?

---

जुना_ओव्हरसियर

पाऊस असला तर नक्की या. पाणी कुठं साचतं ते तेव्हाच दिसतं.